मधल्या घरात काय लिहायचं?

गेल्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेले होते, की प्रत्येक विधान खरं किंवा खोटं असतंच ही तर्कशास्त्रानं धरून चाललेली गोष्ट आहे, ती कुणी सिद्ध केलेली नाही. त्या एका वाक्यावर बरीच पत्रं आली. काहींना ते पटलं नाही, काहींना फारच पटलं. फार पटलेल्यांची मला जास्त काळजी वाटते. त्यांनी ‘खरं’ आणि ‘खोटं’ यांच्या मध्ये एक तिसरं घर आखलं, आणि ज्याचं उत्तर सापडत नाही ते सगळं त्या घरात नेऊन ठेवलं.

माझे वडील पंचायत समितीत कारकून होते. तक्ता भरताना त्यांचा नियम होता, घर रिकामं सोडायचं नाही. आकडा शून्य असेल तर ‘निरंक’. प्रश्न त्या गावाला लागूच नसेल तर ‘लागू नाही’. गावाकडून माहिती आलीच नसेल तर पेन्सिलीनं बारीक ‘अप्राप्त’. पुढं साताऱ्यात एकतीस वर्षं मी तर्कशास्त्र शिकवलं. त्रिमूल्य तर्कशास्त्राच्या तासाला मला पुस्तकांच्या आधी तो तक्ता आठवायचा. आलेल्यांपैकी सात पत्रं इथं घेते आहे.

प्रश्न : बाई, मी बारावीत आहे आणि तर्कशास्त्र विषय घेतलाय. ‘विधान म्हणजे जे खरं किंवा खोटं असतं असं वाक्य’ ही व्याख्या आम्ही पाठ केली. मी वर्गात विचारलं की दोनच का, तीन का नाहीत. ‘ते परीक्षेला नाही’ असं उत्तर मिळालं. खरंच तिसरं काही असतं का? आणि पेपरात काय लिहू?
— एक विद्यार्थिनी, फलटण

उत्तर : पेपरात दोनच लिही. तू शिकतेस ते तर्कशास्त्र दोन मूल्यांच्या पायावर उभं आहे, आणि पाया हलवला की वरची सगळी कोष्टकं, म्हणजे जोडवाक्य कधी खरं आणि कधी खोटं हे सांगणारे तक्ते, नव्यानं मांडावी लागतात. ती नव्यानं मांडण्याचं काम १९२० साली यान वुकाशेविच या पोलिश तर्कशास्त्रज्ञानं केलं. त्यांचा जन्म १८७८चा, ल्वूफ शहरातला. ते शहर आज युक्रेनमध्ये आहे, ल्विव या नावानं. १९२१ मध्ये अमेरिकेत एमिल पोस्ट यांनीही कितीही मूल्यांची कोष्टकं मांडली, पण पोस्ट यांना त्यातलं गणित हवं होतं. वुकाशेविच यांना माणसाचं स्वातंत्र्य हवं होतं.

त्यांच्या मनात ॲरिस्टॉटलचं एक प्रकरण घोळत होतं. ‘उद्या समुद्रावर लढाई होईल’ हे वाक्य आज खरं आहे का? वुकाशेविच यांनी पुढं स्वतःचं उदाहरण दिलं, ‘पुढच्या वर्षी २१ डिसेंबरला दुपारी मी वॉर्सात असेन.’ तू तुझं घे. फलटणला माउलींची पालखी येते, तेव्हा ‘पुढच्या आषाढीला मी पंढरपुरात असेन’ हे वाक्य घेऊ. ते आजच खरं असेल तर न जाण्याचं तू ठरवूच शकत नाहीस. आजच खोटं असेल तर कितीही चाललीस तरी पोचणार नाहीस. कसंही धरलं तरी तुझ्या हातात काही उरत नाही. वुकाशेविच यांना हे मान्य नव्हतं. म्हणून अशा वाक्याला त्यांनी १ दिला नाही, ०ही दिलं नाही. अर्धा दिला. अर्थ असा की शक्य आहे, अजून ठरलेलं नाही.

आता वही घे. ‘नाही’ लावलं की मूल्य १ मधून वजा करायचं. ‘आणि’नं जोडलं की दोहोंतलं लहान मूल्य घ्यायचं, ‘किंवा’नं जोडलं की मोठं. ‘मी पंढरपुरात असेन’ला अर्धा, म्हणून ‘मी नसेन’लाही अर्धा. मग ‘मी असेन किंवा नसेन’ याला किती? अर्धा. ॲरिस्टॉटल म्हणाला असता, लढाई होईल की नाही हे ठरलेलं नसेल, पण होईल किंवा होणार नाही एवढं तर आजच ठरलेलं आहे! कोष्टक ते अर्ध्यावर आणून ठेवतं. ‘मी असेन आणि नसेनही’ हा तर उघड वदतोव्याघात, त्यालाही अर्धाच मिळतो. कारण कोष्टकाला फक्त अंक दिसतात. दोन्ही अर्धे एकाच वाक्यातून निघालेत, एक त्या वाक्याचा आणि दुसरा त्याच्याच नकाराचा, हे त्याला दिसत नाही. या शाखेतली निम्मी भांडणं इथून सुरू होतात, म्हणून हा हिशेब हातानं केल्याशिवाय पुढं जाऊ नकोस.

‘जर-तर’च्या बाबतीत मात्र त्यांनी काळजी घेतली. अर्ध्यातून अर्धा निघत असेल तर त्या जर-तरला पूर्ण १ दिला. त्यामुळे ‘मी असेन, तर मी असेन’ हे वाचतं.

माझं मत विचारशील तर मुळातला युक्तिवादच मला सैल वाटतो. एखादी गोष्ट खरी असणं आणि ती टाळता न येणं यांत अंतर आहे. पुढच्या आषाढीला तू पंढरपुरात असशील हे आज खरं असलं, तरी ते तू जाणार आहेस म्हणून खरं आहे. तरीही त्या माणसाबद्दल मला आदर आहे. कारण तिसऱ्या घरात काय लिहिलंय, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

प्रश्न : मी हिंजवडीत डेटाबेसचं काम करतो. गावाकडच्या आरोग्य शिबिराची ३०० नावांची यादी मी संगणकावर चढवली. ‘गाव कराड’ असे किती, हे विचारल्यावर ११२ आले. ‘गाव कराड नाही’ असे किती, तर १७१. उरलेल्या १७ जणांचा गावाचा रकाना ‘नल’ म्हणजे रिकामा आहे, आणि असे लोक दोन्हीकडून गळतात, हे मला कामामुळे माहीत आहे. पण हे असं ठरवलं कुणी? ते सतरा जण कुठं तरी राहतातच ना?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुमचं पत्र आलं तेव्हा भाचा घरी होता. त्याच्याकडून मी हे संगणकावर करून घेतलं, आणि एक पायरी पुढं गेले. ‘गाव कराड आहे किंवा गाव कराड नाही’ अशी एकच अट घालायला लावली. तरीही रिकाम्या रकान्याची माणसं आली नाहीत. वर फलटणच्या मुलीला जो हिशेब करायला सांगितला, तोच इथं माणसं गाळतो आहे.

‘आणि’-‘किंवा’ची हीच कोष्टकं १९३८ साली वेगळ्या कारणासाठी पुन्हा मांडली गेली. अमेरिकेतले स्टीफन क्लेनी आकडेमोडीचा विचार करत होते. काही आकडेमोडी संपतच नाहीत. वाट पाहत बसलं तरी ‘हो’ येत नाही आणि ‘नाही’ही येत नाही. अशी वाक्यं जोडायची कशी? ‘किंवा’च्या एका बाजूनं ‘हो’ आलं की दुसरी बाजू अडकली तरी बिघडत नाही, पुरं उत्तर ‘हो’. ‘आणि’च्या एका बाजूनं ‘नाही’ आलं की तेवढ्यावर निकाल लागतो. दोन्ही बाजू अडकल्या तर पुरं वाक्य अडकतं. एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत, ‘खरं’, ‘खोटं’ आणि ‘अज्ञात’ ही तीन मूल्यं याच कोष्टकांनी चालतात, आणि निवडीच्या अटीतून फक्त ‘खरं’ पलीकडं जातं. ‘अज्ञात’ला दारातच अडवलं जातं.

क्लेनी यांच्या कामात हे चोख बसतं, कारण न संपणाऱ्या आकडेमोडीला खरोखरच उत्तर नसतं. तुमच्या सतरा जणांना गाव आहे. ते तुम्हाला कुणी कळवलं नाही, एवढंच. ‘मला माहीत नाही’ म्हणताना मी माझ्याबद्दल बोलते, वाक्याबद्दल बोलत नाही. माझं अज्ञान वाक्याच्या मूल्याच्या घरात लिहिलं की राहता माणूस यादीतून जातो. सगळ्या पत्रांमध्ये मला सर्वांत जास्त वेळा दिसलेली गफलत हीच आहे.

यावर तोड आहे. रिकाम्या रकान्यात मनातल्या मनात एक एक गाव भरून पाहायचं. कराड भरा, ‘कराड आहे किंवा नाही’ खरं ठरतं. उंब्रज भरा, खरं. मसूर भरा, खरं. काहीही भरलं तरी जे खरं ठरतं, ते खरंच धरायचं. काही भरल्यावर खरं आणि काही भरल्यावर खोटं ठरतं, तेवढंच मधे ठेवायचं. बास व्हॅन फ्रासन यांनी १९६६ साली ही रीत तर्कशास्त्रात आणली, ज्यांची वस्तूच अस्तित्वात नाही अशा नावांसाठी. तुमच्या यादीलाही ती लागू पडते. हिच्यात ‘असेल किंवा नसेल’ हे वाचतं, आणि तरी सुटं ‘गाव कराड आहे’ हे वाक्य ना खरं ना खोटं राहू शकतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे ध्यानात यायला मला स्वतःला एम.ए.चं पहिलं वर्ष गेलं. किंमत अशी की कोष्टक सुटतं. नुसते दोन अंक हातात घेऊन ‘किंवा’चं उत्तर काढता येत नाही, सगळं भरून पाहावं लागतं. संगणकाला ते महाग पडतं.

संबंधांच्या तक्त्यांची, म्हणजे रिलेशनल डेटाबेसची, ही सगळी रचना १९७० मध्ये मांडणाऱ्या एडगर कॉड यांनाही एकच ‘नल’ पुढं अपुरा वाटला. १९९०च्या त्यांच्या पुस्तकात दोन वेगळ्या खुणा आहेत, एक ‘माहिती आलेली नाही’ याची आणि दुसरी ‘लागूच नाही’ याची. त्यामुळे मूल्यं चार झाली. रोजच्या वापरातल्या प्रणालींनी ते घेतलं नाही. माझ्या वडिलांनी घेतलं असतं.

चार मूल्यांची आणखी एक मांडणी आहे, ती मला त्याहून प्रिय आहे. न्यूएल बेलनॅप यांची, १९७७ची. संगणकाला अनेक जण माहिती देतात असं धरा. मग एखाद्या वाक्याबद्दल चारच स्थिती उरतात. खरं असं सांगितलंय, खोटं असं सांगितलंय, दोन्ही सांगितलंय, काहीच सांगितलेलं नाही. माझ्या आजीचं जन्मसाल रेशनकार्डावर एक होतं आणि मतदारयादीत दुसरं. नेहमीच्या तर्कशास्त्रात विसंगतीतून वाटेल ते सिद्ध होतं. बेलनॅप यांच्या यंत्रात विसंगती आजीच्या जन्मसालापुरती राहते, तिच्या जमिनीपर्यंत पोचत नाही. आणि ‘सांगितलंय’ हा शब्द त्यांनी कधी सोडला नाही. आजी एकदाच जन्मली होती.

प्रश्न : आमच्याकडं मालदांडी ज्वारी होते. खळ्यावर रास पडली होती. नातू म्हणाला, आबा, एक दाणा उचलला तर रास राहील ना? म्हटलं राहील. मग दुसरा? राहील. मग तो म्हणाला, असं करत शेवटचा एक दाणा उरला तरी तुम्ही रासच म्हणणार! कुठल्या दाण्याला अडवायचं त्याला?
— एक शेतकरी, मंगळवेढा

उत्तर : नातवानं खळ्यावर बसून जे कोडं घातलं, ते ग्रीकांकडंही होतं, राशीच्याच नावानं. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या, मिलेटस गावच्या आणि मेगारा पंथातल्या युबुलिडीझकडं ते सोपवतात.

आज बहुतेकांच्या मनात पहिलं येणारं उत्तर म्हणजे सत्याच्या पायऱ्या. बाकूत जन्मलेल्या आणि कॅलिफोर्नियात शिकवणाऱ्या लोत्फी झादे यांनी १९६५ साली ‘फझी’ संच मांडले. समूहात असणं-नसणं ० आणि १ यांच्या मधलं कितीही असू शकतं. मोठी रास ही १ इतकी रास, ओंजळभर दाणे कदाचित ०.१ इतकी. ‘ही रास असेल तर एक दाणा कमी केलेलीही रास’ हे वाक्य मग पूर्ण खरं नसतं, किंचित कमी खरं असतं. नातू तेच वाक्य हजारो वेळा वापरतो, आणि दर खेपेला थोडं सत्य पाझरून जातं. पोत्याला बारीक भोक असावं तसं. हे उत्तर सुंदर आहे आणि उपयोगीही ठरलं. जपानमध्ये सेंदाई शहराची भुयारी रेल्वे १९८७ साली सुरू झाली, ती वेग वाढवायला आणि ब्रेक लावायला हेच तर्कशास्त्र वापरत होती.

पण भाषेचं काय? खळ्यावर दोन ढीग करा. डावा किंचित लहान, समजा ०.५ इतकी रास. उजवा किंचित मोठा, ०.५५. आता कुणी म्हणालं, ‘डावी रास आहे आणि उजवी रास नाही.’ तुम्ही त्याला लगेच अडवाल. मोठ्याला नाही म्हणून लहानाला रास कशी म्हणतोस? हे वाक्य साफ खोटं आहे. हिशेब काय सांगतो? ‘उजवी रास नाही’ ०.४५, दोहोंतलं लहान ०.४५. जवळजवळ अर्धं खरं! किट फाइन यांनी १९७५ मध्ये यावरच बोट ठेवलं. कुठपर्यंत रास म्हणायचं याची रेघ कुठंही मारा, ती दोन्ही ढिगांसाठी एकच असणार, आणि अंकांना ते नातं कळत नाही. त्यांनी मग वरच्या उत्तरातली रीत इथं लावली. ज्या ज्या ठिकाणी रेघ मारणं शहाणपणाचं ठरेल त्या सगळ्या ठिकाणी मारून पाहा, आणि प्रत्येक रेघेवर जे खरं, ते खरं.

आता तुमचा प्रश्न, कुठल्या दाण्याला अडवायचं. फाइन यांच्या हिशेबानं ‘कुठला तरी एक दाणा असा आहे की तो उचलला की रास संपते’ हे खरं ठरतं, कारण प्रत्येक रेघेवर तसा दाणा असतोच. पण तो कुठला, याला उत्तर नाही. मला हे कधीच गिळता आलेलं नाही. टिमथी विल्यमसन यांचं १९९४चं पुस्तक त्याहून कडक आहे. ते म्हणतात, नेमका दाणा आहे, फक्त आपल्याला तो कळू शकत नाही, आणि मूल्यं दोनच. वर्षानुवर्षं शिकवूनही मी विल्यमसन यांना खोडू शकले नाही आणि त्यांचं मानूही शकले नाही. नातवाला हे दोन्ही सांगा. त्यानं विचारलंय म्हणजे त्याला झेपेल.

प्रश्न : आपल्या जैन परंपरेतली सप्तभंगी म्हणजे सात मूल्यांचं तर्कशास्त्रच की! मग पोलंडच्या आधी आपणच नाही का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आधी मोजणी करू. मूळ पदं तीन : अस्ति (आहे), नास्ति (नाही), अवक्तव्य (शब्दांत सांगता न येणारं). यांतून एक, दोन किंवा तिन्ही उचलून जेवढे मेळ होतात तेवढे भंग, म्हणजे आठ वजा एक, सात. या सातांना वुकाशेविच यांच्या अर्ध्यासारखी मूल्यं म्हणावं का, याबद्दल मी सावध आहे. कारण प्रत्येक भंगाच्या तोंडाशी ‘स्यात्’ आहे, आणि तो ‘कदाचित’ नव्हे. त्याचा अर्थ कथंचित्, म्हणजे एका विशिष्ट अंगानं. मल्लिषेणांच्या तेराव्या शतकातल्या स्याद्वादमंजरीत घटाचं उदाहरण आहे. तो मातीचा म्हणून आहे, पाण्याचा म्हणून नाही; पाटलिपुत्रातला म्हणून आहे, कान्यकुब्जातला म्हणून नाही; शिशिरातला म्हणून आहे, वसंतातला म्हणून नाही. यातलं एकही वाक्य अर्धवट खरं नाही. अंग सांगितलं की प्रत्येक पूर्ण खरं आहे. मधल्या घरात काही ढकलण्याऐवजी इथं वाक्यच पुरं करून घेतलं आहे, आणि तुमच्या परंपरेचं हे काम मला सात मूल्यांपेक्षा मोठं वाटतं. ‘अवक्तव्य’पाशी मात्र वाद जागा आहे. ग्रॅहम प्रीस्ट यांच्यासारखे आजचे तर्कशास्त्रज्ञ तिथं अनेक मूल्यांचं वाचन करून दाखवतात. प्रशांतचंद्र महालनोबिस आणि जे.बी.एस. हाल्डेन यांनी १९५०च्या दशकात सप्तभंगीकडं संख्याशास्त्राच्या आणि विज्ञानाच्या अंगानं पाहिलं, तेही वाचनीय आहे. ‘आधी कोण’ या शर्यतीत मला रस नाही.

प्रश्न : आरोग्य पाहणीच्या फॉर्मवर प्रश्न होता, ‘तंबाखू सोडली का? हो / नाही’. मी जन्मात तंबाखू खाल्लेली नाही. ‘हो’ लिहिलं तरी खोटं, ‘नाही’ लिहिलं तरी खोटं. पाहणी करणारी मुलगी म्हणाली, काका, काही तरी एक लिहा.
— निवृत्त शिक्षक, दापोली

उत्तर : १९०५ साली बर्ट्रांड रसेल यांनी ‘फ्रान्सचा सध्याचा राजा टकला आहे’ हे वाक्य घेतलं. फ्रान्समध्ये तेव्हा राजा नव्हताच. रसेल म्हणाले, या वाक्यात ‘असा राजा आहे’ हा दावा दडलेला आहे, तो खोटा, म्हणून वाक्य खोटं. १९५० मध्ये पीटर स्ट्रॉसन यांनी त्यांना विरोध केला. असं वाक्य ऐकून कुणी ‘खोटं!’ म्हणत नाही, ‘अहो, तिथं राजाच नाही’ असं म्हणतं. खऱ्या-खोट्याचा प्रश्न तिथं उभाच राहत नाही. तुमचा फॉर्म स्ट्रॉसन यांच्या बाजूचा आहे. ‘हो’ आणि ‘नाही’ या दोन्ही उत्तरांत तुम्ही तंबाखू खात होतात हे कबूल होतं. हे ‘लागू नाही’चं घर, ‘अज्ञात’चं नाही. तुम्हाला सगळं माहीत होतं.

आपल्याकडं नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, ‘सशाचं शिंग नाही’ या वाक्यावर अडले होते. नसलेल्या शिंगाबद्दल ‘नाही’ तरी कसं म्हणायचं? त्यांनी वाक्य फिरवून घेतलं, ‘सशाच्या ठिकाणी शिंग नाही’. ससा आहे, शिंगं गाईला असतात, अडचण मिटली. रसेल यांच्या युक्तीशी याचं नातं जवळचं आहे.

‘लागू नाही’ असलेलं वाक्य दुसऱ्याला जोडलं तर काय होतं, हेही पाहण्यासारखं आहे. १९३८ मध्ये रशियातल्या दमित्री बोचवार यांनी जी कोष्टकं मांडली त्यांत निरर्थक भाग अख्खं वाक्य निरर्थक करतो. एक नासका आंबा आढी नासवतो तसं. पण तुम्ही मुलीला म्हणाला असतात, ‘मी एक तर तंबाखू कधी खाल्ली नाही किंवा खाऊन सोडली,’ तर वाक्य नासलं असतं का? मुळीच नाही. पहिल्या अर्ध्यानंच दुसऱ्याला जागा करून दिली. लॉरी कार्टुनेन यांनी १९७३ मध्ये हे नीट मांडलं. ‘किंवा’च्या उजव्या बाजूचं गृहीतक डाव्या बाजूच्या नकारातून भागत असेल, तर ते पुऱ्या वाक्याच्या अंगाला चिकटत नाही. यासाठी आंधळं कोष्टक पुरत नाही, वाक्य डावीकडून उजवीकडं ऐकावं लागतं.

फॉर्मवर तिरकी रेघ मारून शेजारी ‘कधीच खाल्ली नाही’ असं लिहा.

प्रश्न : ‘नरो वा कुंजरो वा’ हे तिसऱ्या मूल्याचं उदाहरण म्हणता येईल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही. गुळमुळीत उत्तराला आपण ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणतो खरं, पण ‘अश्वत्थामा मेला, माणूस असो वा हत्ती’ हे पूर्ण खरं वाक्य आहे. त्या नावाचा हत्ती भीमानं मारला होता. ‘किंवा’ची एक बाजू खरी, म्हणून सगळं १. युधिष्ठिराचा दोष मूल्यात नाही. द्रोणांना काय ऐकू जाईल हे त्यानं जाणून केलं, आणि हत्तीचा भाग अव्यक्त, म्हणजे कळणार नाही असा बोलला. जमिनीपासून चार अंगुळं वर चालणारा त्याचा रथ तेव्हा खाली टेकला, असं महाभारत सांगतं. खरं बोलून फसवता येतं, यासाठी तिसरं मूल्य लागत नाही.

प्रश्न : वडिलांच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री ते फार घाबरले होते. मी म्हटलं, ‘पुढच्या रविवारी तुम्ही अंगणात बसून चहा घ्याल.’ ते परत आले नाहीत. बहीण म्हणते, शेवटच्या रात्री तू त्यांना खोटं सांगितलंस. तुमच्या सदरात हा प्रश्न बसतो का, माहीत नाही.
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : बसतो. हे पत्र मी बाकी सगळ्यांच्या आधी वाचलं, आणि उत्तर सर्वांत शेवटी लिहिते आहे.

इथं दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत, कारण मराठीत दोन्हीला आपण ‘खोटं’ हा एकच शब्द वापरतो. तुम्ही खोटं बोललात का, आणि तुमचं वाक्य खोटं होतं का.

खोटं बोलणं म्हणजे जे आपल्याला खोटं वाटतं ते खरं म्हणून सांगणं. पत्रात पुढं तुम्ही लिहिलंय की रविवारसाठी तुम्ही गवती चहा आणून ठेवला होता. ज्याला वडील परत येणार नाहीत असं वाटतं तो गवती चहा आणून ठेवत नाही. तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर, नाही.

दुसरा प्रश्न अवघड आहे. वुकाशेविच म्हणाले असते, त्या रात्री ते वाक्य खरंही नव्हतं, खोटंही नव्हतं, कारण रविवार अजून ठरलेला नव्हता. मूळ युक्तिवाद मला सैल वाटतो हे मी वर लिहिलं आहे. पण २००३ साली जॉन मॅकफार्लेन यांनी या प्रश्नाला एक नवं वळण दिलं, आणि ते मला पटतं. ते म्हणतात, वाक्य कधी बोललं गेलं एवढं पाहून भागत नाही, त्याचा निवाडा कुठल्या क्षणी उभं राहून करतो तेही सांगावं लागतं. त्या रात्री उभं राहून पाहिलं तर तुमचं वाक्य ना खरं ना खोटं. रविवार उलटून गेल्यावर, आजच्या जागेवरून पाहिलं तर तेच वाक्य त्या रात्रीसुद्धा खोटं होतं असं म्हणावं लागतं. दोन्ही निवाडे आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि एकाच जागी उभं राहून दोन्ही करता येत नाहीत.

तुमची बहीण रविवारनंतर उभी आहे. तुम्ही त्या रात्री बोललात. तिला सांगताना ‘मी खोटं बोललो नाही’ असं म्हणू नका, त्यानं वाद वाढेल. ‘माझं बोलणं खोटं ठरलं’ असं म्हणा. ते तिलाही तसंच म्हणता येईल.